करमाफी औषधाला, अडचण चाचणीची

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के कर शून्यावर आणला. त्या दिवशी चर्चा झाली ती साबण, टीव्ही, छोट्या मोटारी आणि विम्याच्या हप्त्यांची. औषधांची यादी बहुतेकांनी वाचलीही नसेल, आणि वाचली असती तरी नुसत्या नावांवरून फारसा बोध झाला नसता. त्या यादीत अगदी सुरुवातीलाच एक नाव आहे, ॲसिमिनिब. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रुग्णालयाच्या रोजच्या भाषेत सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगावरचे हे नव्या पद्धतीने काम करणारे औषध आहे.

महागड्या औषधावरचा कर गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण हिशेब सरळ आहे. औषधाची मूळ किंमत लाख रुपये धरली, तर पूर्वी एक लाख बारा हजार मोजावे लागत होते, आता एक लाख लागतील. बारा हजार वाचले. लाख जागच्या जागी राहिले. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. सीएमएलच्या किती रुग्णांना या औषधाची खरोखर गरज असते आणि बाकीच्यांचे घोडे नेमके कुठे अडते? याचे उत्तर पेशीतल्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, आकारात दडलेले आहे. एकाच बिघडलेल्या विकराभोवती सगळा आजार फिरतो, असे कर्करोगांत क्वचितच घडते. सीएमएल त्या मोजक्यांपैकी एक. म्हणूनच तो नीट समजून घेता येतो, आणि सरकारी निर्णय रुग्णाच्या उपयोगी पडतो की नाही हेही त्यावरून ताडता येते.

हा आजार एकदम कोसळत नाही. थकवा येतो, वजन उतरते, डाव्या बरगडीखाली जड वाटते, दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होते. पाणथरी वाढून पोटात जागा अडवते, त्याचा हा परिणाम. कित्येकदा हे काहीही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले जाते आणि चार ते अकरा हजारांच्या घरात असायला हव्यात त्या पांढऱ्या पेशी लाख-दोन लाख निघतात. पाश्चात्त्य देशांत हा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो. भारतात तो तिशी-चाळिशीतला असतो. घर ज्याच्या कमाईवर चालते तोच आजारी पडतो, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे त्याला औषधावर काढायची असतात. भारतातल्या सीएमएलचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या तीस-चाळीस वर्षांचा प्रश्नच नव्हता. हायड्रॉक्सियुरिया किंवा बुसल्फान देऊन पेशींचा आकडा खाली आणता येई, पण आजार आपल्या गतीने पुढे सरकत राही. तीन-पाच वर्षांत तो उग्र रूप धारण करी आणि मग काही महिन्यांत सगळे संपे. इंटरफेरॉनची इंजेक्शने काहींना लागू पडत, पण सततचा ताप आणि अंगदुखी सोसून. जुळणारा भाऊ किंवा बहीण असेल आणि पैसा असेल, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण. बाकीच्यांसाठी डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते.

आजाराचे मूळ सापडायला १९६०मध्ये सुरुवात झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले. गुणसूत्राचा हरवलेला तुकडा गेला कुठे, हे कळायला तेरा वर्षे लागली. शिकागोच्या डॉ. जॅनेट रौली गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणून, कात्रीने कापून जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. १९७३मध्ये त्यांच्या लक्षात आले की २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे. या अदलाबदलीत ९व्यावरचे एबीएल नावाचे जनुक २२व्यावरच्या बीसीआर नावाच्या जनुकाला जाऊन चिकटते. दोन जनुकांचे एक जोडजनुक होते आणि त्यापासून निरोगी शरीरात कधीच नसणारे एक विकर तयार होऊ लागते. हे एकच जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातले तर त्यांना सीएमएलसारखाच आजार होतो, हे १९९०मध्ये सिद्ध झाले.

एबीएल हे मुळात शरीराचे शत्रू नव्हे. ते टायरोसिन कायनेज गटातले विकर आहे. कायनेजचे काम एका ओळीत सांगता येते: एटीपी या इंधनरेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर नेऊन चिकटवायचा. तो फॉस्फेट बसला की त्या प्रथिनाला संदेश मिळतो: वाढ, विभाजन कर, थांब, हल. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. त्यांतली सुमारे नव्वद फक्त टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतात. निरोगी पेशीत ती बहुतेक वेळ बंद असतात. संदेश आला की क्षणभर चालू होतात आणि पुन्हा बंद.

आता या विकराच्या घडणीकडे यायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एबीएलचा काम करणारा भाग भुईमुगाच्या शेंगेसारखा आहे, म्हणजे एक लहान फुगवटा, एक मोठा फुगवटा आणि मधे आवळलेली कंबर. त्या कंबरेत एक खाच आहे आणि एटीपी तिथे येऊन बसतो. खाचेच्या तोंडाशी एक झडप आहे. झडप उघडी असली की काम चालू, मिटली की बंद. झडप मिटते तेव्हा खाचेच्या आतला तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा उलटा वळतो आणि मागच्या बाजूला एक जादा कप्पा मोकळा होतो. विकर चालू असताना हा कप्पा नसतो. हा तपशील लक्षात ठेवावा.

विकर बंद ठेवण्याची निरोगी पेशीतली सोय तर फारच सुबक आहे. एबीएलच्या सुरुवातीच्या टोकाला मिरिस्टिक आम्ल नावाच्या मेदाम्लाची चौदा कार्बनांची शेपटी असते. खालच्या मोठ्या फुगवट्यात, मधल्या खाचेपासून बरीच दूर, एक खोल खोबण आहे. शेपटी वळून त्या खोबणीत शिरते. त्यासरशी विकराचे मागचे दोन भाग पाठीला घट्ट बिलगतात आणि सगळी यंत्रणा आवळून बसते. दाराच्या कडीकोयंड्यासारखाच हा प्रकार आहे: शेपटी ही कडी, खोबण हा कोयंडा. ही कडी बसलेली प्रत्यक्ष रचना २००३मध्ये शास्त्रज्ञांना दिसली.

बीसीआर आणि एबीएल चिकटतात तेव्हा नेमका हाच सुरुवातीचा तुकडा गळून पडतो. कडी तुटते, कोयंडा रिकामा राहतो. त्यात भर बीसीआरची. बीसीआरच्या टोकाला एकमेकांत गुंफणारे वेटोळे असते. त्यामुळे हे जोडविकर एकटे फिरत नाही, दोन-चार रेणू एकत्र येतात आणि शेजाऱ्याला फॉस्फेट चिकटवून एकमेकांना चालू ठेवतात. आता बाहेरून संदेश येण्याची गरजच उरत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम अखंड मिळत राहतो. लाख-दोन लाखांचा तो आकडा येतो तो इथून.

विकर सापडले, पण त्याला बंद करणारे औषध होऊ शकेल यावर १९८०-९०च्या दशकांत फार थोड्यांचा विश्वास होता. एटीपी बसण्याची खाच पाचशे कायनेजमध्ये साधारण सारखीच. एकीत बसणारे औषध सगळ्यांत बसेल आणि रोग्याबरोबर सगळे शरीर बंद पाडेल, ही शंका रास्तच होती. सिबा-गायगी या स्विस कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाने तरीही एक रेणू तयार केला. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिला आणि रुग्णांवर चाचणी व्हावी म्हणून पिच्छाच पुरवला. आजाराचे रुग्ण थोडे, म्हणून कंपनीला त्यात फारसा धंदा दिसत नव्हता. जून १९९८मध्ये चाचणी सुरू झाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त सामान्य झाले, तेही बहुतेकांचे महिन्याभरात. कर्करोगाच्या औषधांच्या पहिल्या चाचण्यांत असे आकडे कोणी पाहिले नव्हते. मे २००१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते औषध म्हणजे इमॅटिनिब.

शंका रास्त असूनही खोटी का ठरली, याचे उत्तर २०००मध्ये जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने विकर आणि औषध यांची एकत्र रचना पाहिली तेव्हा मिळाले. इमॅटिनिब चालू विकरात बसतच नाही. झडप मिटली की मागे जो जादा कप्पा मोकळा होतो, त्यात ते शिरते आणि विकराला त्याच बंद अवस्थेत खिळवून ठेवते. चालू असताना सगळी कायनेज एकसारखी दिसतात. बंद असताना मात्र प्रत्येकाची ठेवण निराळी. म्हणून हे औषध मोजक्याच विकरांना धरते. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मूळ मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के हयात होते. तीन-पाच वर्षांत घेऊन जाणारा आजार मधुमेह-रक्तदाबासारखा रोजच्या गोळीवर आला.

भारतात या गोळीची कथा प्रयोगशाळेत संपली नाही, ती न्यायालयात गेली. नोव्हार्टिसची गोळी महिन्याला सुमारे एक लाख वीस हजारांना पडे, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांना. मूळ रेणूचा शोध १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा होता, त्या काळी भारतात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. कंपनीने १९९८मध्ये अर्ज केला तो त्याच औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि भारतीय औषध कंपन्यांनी त्याला हरकत घेतली. २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार, माहीत असलेल्या औषधाचे नवे रूप रुग्णावर अधिक गुणकारी आहे असे दाखवता आले तरच पेटंट; ते अधिक चांगले शोषले जाते एवढे पुरेसे नाही. कंपनीची बाजूही नोंदवायला हवी. ती भारतात हजारो रुग्णांना हे औषध २००२पासून फुकट पुरवत होती. पण दानावर चालणारा उपचार आणि बाजारात परवडणारा उपचार यांत फरक आहे, आणि तो या निकालाने ठळक केला. आज भारतीय बनावटीचे इमॅटिनिब त्या आठ-दहा हजारांच्याही बरेच खाली आले आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळते. २०१५पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

मग नव्या औषधांची गरज का पडली? इमॅटिनिब काहींवर चालत नाही, किंवा चालता चालता थांबते. त्याचे कारणही विकराच्या आकारात आहे. खाचेच्या तोंडाशी ३१५व्या क्रमांकाला थ्रिओनिन नावाचे अमिनो आम्ल आहे. औषधाला ते हात देते. जनुकात एका अक्षराची चूक झाली की तिथे आयसोल्यूसिन येते. ते धिप्पाड असते आणि हातही देत नाही; औषध दाराशीच अडते. एटीपीला मात्र वाट मिळत राहते. या बदलाला ‘टी-३१५-आय’ म्हणतात. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने तो २००१मध्येच, औषधाला मान्यता मिळाली त्याच वर्षी, दाखवला. पुढे डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब आली. ती अधिक जोरकस आहेत, इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या बऱ्याच बदलांवर चालतात, पण ३१५च्या बदलापुढे तीही हात टेकतात. २०१२मध्ये आलेले पोनॅटिनिब त्यालाही वळसा घालते. मात्र त्याने रक्तवाहिन्या तुंबण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे लवकरच लक्षात आले.

ॲसिमिनिबचे वेगळेपण इथे आहे. बाकी सगळी औषधे मधल्या खाचेसाठी भांडतात. हे औषध तिकडे फिरकतच नाही. ते खाली जाऊन त्या रिकाम्या कोयंड्यात बसते. तुटलेल्या कडीच्या जागी नवी कडी. इतर कायनेजमध्ये असा कोयंडा जवळपास नाहीच, त्यामुळे हे औषध भलतीकडे लागत नाही. ३१५ची जागा दूर असल्याने तिथे बदल झाला तरी मोठ्या मात्रेत ते चालते. अर्थात कोयंड्यातही बदल होऊ शकतात. तसे रुग्ण आढळलेही आहेत.

अमेरिकेत २०२१मध्ये त्याला मान्यता मिळाली ती दोन औषधे फसलेल्या आणि ३१५चा बदल असलेल्या रुग्णांसाठी. ऑक्टोबर २०२४मध्ये नव्याने निदान झालेल्यांसाठीही मिळाली. या दुसऱ्या मान्यतेमागच्या चाचणीत ४०५ रुग्ण होते. ४८ आठवड्यांनी ॲसिमिनिब घेणाऱ्यांपैकी ६७.७ टक्के रुग्णांत बीसीआर-एबीएलचे प्रमाण हजारात एकच्या खाली गेले होते. जुनी औषधे घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांत. फक्त इमॅटिनिबशी तुलना केली तर फरक आणखी मोठा, ६९.३ विरुद्ध ४०.२. दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागणाऱ्यांचे प्रमाणही नव्या औषधात निम्म्याहून कमी होते.

आकडे प्रभावी आहेत आणि ते दाबून ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांचा अर्थ काय लावायचा? वर्षभरात पातळी लवकर खाली गेली म्हणजे माणूस जास्त जगला, असे अजून दिसलेले नाही. इमॅटिनिब नेमाने घेणाऱ्या बहुतेकांचे आयुष्य आधीच सर्वसाधारण माणसाच्या जवळ आले आहे. त्यावर मात करून दाखवायला कोणत्याही औषधाला बरीच वर्षे लागतील. दोन औषधे फसलेल्या रुग्णाला ॲसिमिनिब मिळायलाच हवे, आणि करमाफीचा खरा लाभार्थी तोच. पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला ते द्यावे, असा आग्रह भारतात आज धरण्यात अर्थ दिसत नाही.

अर्थ दिसत नाही, कारण भारतातले बरेच रुग्ण विकराच्या बदलामुळे नाही, तर गोळी चुकल्यामुळे मागे पडतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ८७ रुग्णांना झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवलेल्या बाटल्यांतून इमॅटिनिब दिले गेले. बाटली किती वेळा उघडली, हे चिप नोंदवत होती. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९४.५ टक्के रुग्ण अपेक्षित पातळीपर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणे. एरवी ज्याला कोणी बेफिकिरी म्हणणारही नाही, अशा तीन गोळ्या.

विकराच्या अंगाने पाहिले तर यात आश्चर्य नाही. इमॅटिनिब खाचेत कायमचे चिकटत नाही. ते बसते आणि उठते. रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे अठरा तासांत निम्म्यावर येते. दिवसभर गोळी चुकली की खाचा रिकाम्या होऊ लागतात, विकर पुन्हा कामाला लागते, पेशी विभाजित होतात, आणि जितकी विभाजने जास्त तितकी ३१५सारखी चूक घडण्याची संधी जास्त. शिवाय अस्थिमज्जेत काही मूळ कर्कपेशी झोपून असतात. त्यांचे जगणे या विकरावर अवलंबून नाही, म्हणून औषध त्यांना मारू शकत नाही. त्या जाग्या झाल्या तर हाताशी औषध हवे, म्हणून गोळी चालू.

हे ओपीडीत दोन मिनिटांत समजावून सांगता येत नाही. रुग्णाला बरे वाटत असते, रक्ताचा अहवाल सामान्य असतो, पायाला थोडी सूज, डोळ्यांखाली फुगवटा, कधी मळमळ हा औषधाचा त्रास मात्र रोजचा. मग ‘आता बरे आहे’ म्हणून गोळी सुटते. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबातला रुग्ण चार-पाच महिने ज्या रुग्णालयात त्याची फाइल आहे तिथे येऊच शकत नाही. महिन्याभराचीच गोळी एका वेळी मिळेल, असा नियम असेल तर मोफत औषधही त्याच्या कामाचे नाही. तीन महिन्यांचे औषध एकदम देणे, हा निर्णय कोणत्याही करमाफीपेक्षा स्वस्त पडावा.

आणि गोळी सुटली आहे, किंवा विकर बदलले आहे, हे कळते कशावरून? साध्या रक्ततपासणीवरून नाही. पांढऱ्या पेशी वाढून दिसू लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो. त्यासाठी बीसीआर-एबीएलची पीसीआर चाचणी लागते. ती पेशींत त्या जोडजनुकाचे किती संदेश आहेत हे मोजते. उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या, सहाव्यात १ टक्क्याच्या आणि वर्षाअखेर ०.१ टक्क्याच्या खाली यावे, असा जगन्मान्य दंडक आहे. दर तीन महिन्यांनी चाचणी करावी लागते. खासगी प्रयोगशाळेत एका चाचणीला बरेचदा महिन्याभराच्या इमॅटिनिबपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. नमुना तालुक्याच्या गावी घेतला जातो आणि मुंबईला पाठवला जातो; त्यातला आरएनए नाजूक, एक-दोन दिवसांत हाताळला नाही तर विघटन होऊन खोटा दिलासा देणारा अहवाल येऊ शकतो. परिणाम असा की गोळी फुकट मिळते आणि ती लागू पडते आहे का हे पाहण्याची सोय विकत घ्यावी लागते. ज्याला ती परवडत नाही तो अंधारात गोळ्या घेत राहतो. त्याला दुसरे औषध केव्हा लागेल, हे ठरवणार कोण? ॲसिमिनिबपर्यंत पोहोचण्याची वाटही याच चाचणीतून जाते.

इथे एक गोष्ट सुचवण्याजोगी आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर जी ‘सीबीनॅट’ यंत्रे बसवली गेली, ती जीनएक्स्पर्ट नावाची यंत्रे आहेत. जिल्हा रुग्णालयाला ती नवी नाहीत. नमुना काडतुसासारख्या डबीत घालायचा, डबी यंत्रात ठेवायची, दीड-दोन तासांत उत्तर मिळते. याच यंत्रणेसाठी बीसीआर-एबीएल मोजणारी डबीही बनते आणि काही गरीब देशांत ती वापरलीही जाते. ती स्वस्त नाही, आणि बीसीआर-एबीएलचे विरळ प्रकार तिला दिसत नाहीत. यंत्रे क्षयरोग कार्यक्रमाची, त्यांच्यावरचा कामाचा ताण आधीच मोठा; परवानगी, देखभाल, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हे सगळे प्रश्न आहेतच. तरी जिल्ह्यागणिक नवी प्रयोगशाळा उभारण्यापेक्षा, असलेल्या यंत्रासाठी दुसरी डबी विकत घेणे सोपे, हे कोणालाही पटावे. राज्यभरच्या रुग्णांसाठी अशा डब्यांची एकत्रित खरेदी झाली तर भावही खाली येईल; औषधांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

या चाचणीची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे, त्यांचा उल्लेख बहुधा राहून जातो. फ्रान्समध्ये आणि नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांत असे दिसले की जोडजनुक दोन-तीन वर्षे किंवा अधिक काळ सापडेनासे झाले असेल, तर औषध थांबवल्यावरही सुमारे निम्म्या रुग्णांत आजार परतत नाही. ज्यांचा परततो, त्यांचा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत परततो आणि गोळी पुन्हा सुरू केली की जवळपास सर्वांचा आटोक्यात येतो. अट एकच: औषध थांबवल्यावर पहिले सहा-बारा महिने दर महिन्याला पीसीआर. इमॅटिनिब गर्भाला घातक ठरू शकते. पाश्चात्त्य देशांत साठीतल्या रुग्णासाठी हा प्रश्न उद्भवत नाही. इथे सव्वीस-अठ्ठावीस वर्षांची विवाहित रुग्ण ओपीडीत येते, सासू बाहेर बाकावर बसलेली असते, आणि मूल केव्हा होऊ शकेल, हे ती डॉक्टरांना हळू आवाजात विचारते. चार-पाच वर्षे तिने एकही गोळी चुकवलेली नसली, तरी तिला औषध थांबवायला सांगण्यापूर्वी डॉक्टरांना तिचे गेल्या दोन-तीन वर्षांचे पीसीआर अहवाल पाहावे लागतात, आणि तिच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा एखादाच असतो.